अख्खी यादी धरा, मामा

लक्ष्मी,

तू गेलीस त्याला आज सोळा दिवस झाले. तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे गेले, आणि काल दुपारी तुझ्या क्लासच्या पोरी आल्या. उत्तमची सोनाली पुढं होती. बसा म्हणलं तरी बसेनात.

"आबा, बाईंवर आमी एक पुस्तक काढायलोय," सोनाली म्हणली. "छोटंच हाय. सगळ्याजणी लिहायल्यात. तुमीबी लिहा."

मी म्हणलं, "मी चौथी नापास माणूस. मला काय लिहायला लावता?"

"बाई म्हणायच्या, आबाला सगळं वाचता येतं, लिहिताबी येतं, फकस्त दाखवत न्हाईत."

तू असं म्हणायचीस हे मला तुझ्या माघारी कळतंय. जित्तेपणी तोंडावर म्हणली असतीस तर तुझी जीभ झडली असती काय?

मग ती पोरगी जरा घुटमळली, चपलेनं फरशी खरडत म्हणली, "आणि आबा, ती यादीची चूक कुणीच लिहायची न्हाई असं ठरलंय आमचं. बाईंकडून एकदाच चुकलं. गेलेल्या माणसाचं कामून उकरायचं?"

माफ करून टाकलं बघ तिनं तुला. माझ्या ओसरीवर उभं राहून, माझ्या देखत. मी पान लावत होतो. चुना बोटावर तसाच वाळला.

म्हणून लिहायला बसलोय. तू किती मायाळू होतीस, किती हसून शिकवायचीस, ते लिहिणाऱ्या लय जणी आहेत. मी ती चूकच लिहिणार.

पहिलं हे सांगून टाकतो की तू काही देवी नव्हतीस. भाकरी जाड करायचीस. खाली मान घालून उलट उत्तर द्यायचीस, ते तर मला वर मान करून दिलेल्या उत्तरापेक्षा जास्त झोंबायचं. झरीहून लग्न होऊन आलीस तेव्हा तुझं नाव सविता होतं. माझ्या पोराचं नाव नारायण, त्याला लक्ष्मी शोभते म्हणून मी ताटातल्या तांदळात अंगठीनं लक्ष्मी लिहायला लावलं. तू ताटाला नमस्कार केलास. मला वाटलं, गरीब गाय आली घरात.

दोन वर्षांनी तू रिकामा गोठा मागितलास. बैल गेल्यापासून तिथं सरपण पडलं होतं. नारायणानं परभणीहून जुनी मशीनं आणली, आधी दोन, मग चार. तू शेणानं सारवलेल्या जमिनीवर प्लास्टिक अंथरलंस आणि दारावर पाटी लावलीस, "सविता कॉम्प्युटर क्लास".

मी विचारलं, "सविता कोण?"

"मी."

"आमच्या घरात सविता नावाचं कुणी न्हाई."

"म्हणून तर पाटी गोठ्याला लावली, मामा. घराला न्हाई लावली."

अशी होतीस तू. पोरी तिकडं तोंडावर ओढणी दाबून हसत होत्या. मी सात दिवस तुझ्या हातचा चहा घेतला नव्हता. आठव्या दिवशी घेतला, कारण दुसरं कुणी चहा करणारं नव्हतं.

खोटं कशाला बोलू, गोठ्याच्या भिंतीला टेकून माझी खाट होती आणि तुझं शिकवणं मला सगळं ऐकू यायचं. तू पुस्तकातले शब्द वापरत नव्हतीस. यादीतली एक आडवी ओळ म्हणजे एक घर, असं सांगायचीस. नाव, गाव, वय, जे काही त्या ओळीत आहे ती सगळी एका घरात राहणारी माणसं. रांग लावायची तर अख्खी घरं हलवायची, एका घरातलं माणूस उचलून दुसऱ्या घरात टाकायचं नाही. "घर मोडायचं न्हाई," असं तू दिवसातून वीस वेळा म्हणायचीस. पोरी एका सुरात म्हणायच्या, "आधी अख्खी यादी धरायची, मग रांग लावायची." पाढे म्हणावेत तसं.

आणि ते नरसाळं. मशीनमध्ये एक नरसाळ्याचं चित्र असतं. ते दाबलं की पाहिजे तेवढ्याच ओळी राहतात, बाकीच्या जातात. एकदा मी खाटेवरूनच ओरडलो, "गेल्या कुठं बाकीच्या? पुसल्या व्हय?"

तू बाहेर येऊन सांगितलंस, "गेल्या न्हाईत मामा, लपल्यात. डावीकडचे आकडे बघायचे. तीनच्या पुढं एकदम सात आला की समजायचं, मधी कुणीतरी लपलंय. नरसाळं काढलं की परत येतात."

"म्हंजे झाकून ठेवायची हिकमत," मी म्हणलं.

"झाकायची न्हाई, चाळायची."

मशीनवरून आपलं पहिलं भांडण झालं ते दहाच्या आकड्यावरून. तुझ्या एका पोरीनं एक ते बारा आकडे लिहून रांग लावली तर मशीननं एकच्या पुढं दहा, अकरा, बारा घातले आणि दोन त्यांच्या खाली नेऊन टाकला. मी हसून हसून बेजार झालो. म्हणलं, "दोनच्या आधी दहा? तुझं मशीन माझ्यापेक्षा अडाणी हाय." तू म्हणलीस, आकडे अक्षरं म्हणून लिहिले की ते अक्षरासारखेच बघतं, आधी पहिलं अक्षर. मी म्हणलं, "मंग त्याला वजन कळत न्हाई, फकस्त तोंड कळतं." तू म्हणलीस, "माणसाचंबी तसंच असतंय मामा." ते कुणाला लावून बोललीस हे मी विचारलं नाही. अजून कळलेलं नाही. आता कळायचंही नाही.

मग यादी आली.

तुला सांगायला नको, पण हे पुस्तक कुणी परगावचं वाचलं तर कळावं म्हणून लिहितो. मी मुकादम. ऊस तोडायला टोळी घेऊन जायचो. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. एकटा असला तर तो अर्धा कोयता. माझ्या टोळीत अठ्ठावीस कोयते आणि सगळे तोंडपाठ. दसरा झाला की टोळी निघायच्या सकाळी मी मारुतीच्या पारावर उभा राहून पुकारा करायचो. "किसन, जोडीनं." "उत्तम, जोडीनं." नाव पुकारलं की ती जोडी ट्रकात चढायची. पुकारा झाल्याशिवाय कुणी ट्रकाच्या फळीवर पाय ठेवत नसे. अंगातली ताकद गेल्यावर उसाच्या फडावर जाणं मी नारायणावर सोडलं, पण पुकारा सोडला नाही. तेवढी इज्जत माझी होती.

तू म्हणलीस, "पुस्तकातली यादी कुठल्यातरी दुकानातल्या पंख्यांची अन् इस्त्र्यांची हाय. पोरी जांभया द्यायल्यात. तुमची टोळी द्या ना मामा. त्यांचेच मायबाप हायेत." खरं होतं ते. गोठ्यातल्या निम्म्या पोरी टोळीतल्याच. मायबाप फडावर गेले की ह्या आजीपाशी राहायच्या आणि दुपारी तुझ्यापाशी.

मी खाटेवर बसून अठ्ठावीस नावं सांगितली. चार मशीनांवर पोरी टायपत होत्या. कुठं अडलो नाही, कुणाला दोनदा सांगितलं नाही. त्या दिवशी लय मोठं वाटलं मला, लक्ष्मी. शाळेनं मला बाहेर काढलं होतं, त्या दिवशी शाळा माझं ऐकून लिहीत होती.

नावं संपली आणि तू विचारलंस, "बायकांची नावं?"

"जोडीनं म्हणलं की आली त्यात."

"किसनकाकाच्या मालकिणीचं नाव काय?"

"किसनची."

"किसनची काय?"

"किसनची बायको. आणिक काय पाहिजे?"

तू सगळ्या पोरींपुढं म्हणलीस, "वीस वर्षं तुमच्या टोळीत ऊस तोडायलीय ती, मामा."

मला राग नावांचा नव्हता. मला ती नावं येत नव्हती, आणि ते तू चार पोरींपुढं उघडं केलंस, त्याचा होता. त्या दिवसापासून मी तुझ्यावर डूख धरला. लिहून ठेवतो.

पोरींनी घरोघर जाऊन नावं आणली. त्यात कोंडाबाईचा किस्सा तुला आठवत असेल. साठीची बाई, तिनं सोनालीला सांगितलं, "माहेरची कोंडा, सासरची द्वारका. दोन्ही लिही माय, एक बिघडलं तर एक ऱ्हाईल." तू तो किस्सा सांगताना डोळ्याला पाणी येईस्तोवर हसलीस, मग एकदम उठून आत निघून गेलीस. मला तेव्हा वाटलं, बाई माणसाचं कशाचं काय.

यादीत आता दोन रकाने झाले. एकात गडी, दुसऱ्यात बाया. आणि तू मला म्हणलीस, औंदा पुकारा दोन्ही नावांनी करा.

नाही म्हणालो असतो तर सुटलो असतो. पण तू पुढं म्हणलीस, "वाचायला जमंल ना? मोठ्या अक्षरात काढून देते." वाचायला जमंल ना! मी म्हणलं, "काढ."

आता हे कुणाला ठाऊक नाही, तुला आणि मलाच ठाऊक आहे. पोरी घरी गेल्या की तू मला अर्धा तास शिकवायचीस. दार अर्धं लोटून. मशीन कसं चालू करायचं, उंदरासारखं ते यंत्र हातात कसं धरायचं, रांग कशी लावायची. ते माझ्या हातातून घसरायचं तर तू बघून न बघितल्यासारखं करायचीस. मी चिडून तुला काय काय बोललो असेन, पण तू रोज नव्यानं तेच सांगितलंस, "अख्खी यादी धरा, मामा. एकटा रकाना धरला तर मशीन एक डबी दाखवतं, दोन ओळींची. इंग्रजीत असतंय. वरची दाबायची. खालची दाबली की घर मोडतं." माझ्या मास्तरानं मला छडीनं बडवून जे शिकवलं नाही ते तू वेलदोड्याचा चहा करून शिकवलंस. ह्यातलं एक अक्षर मी तुला कधी बोललो नाही. तुझ्या सासूला मी सोन्यासारखी बाई म्हणलो ते ती गेल्यावर. माझं सगळं बोलणं बाई मेल्यावर सुरू होतं असं दिसतं.

पुकाऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी तू शेताकडं गेली होतीस. यादी तू सकाळीच तपासून ठेवली होती, बरोबर माझ्या क्रमानं, पहिला किसन, दुसरा उत्तम. मी पान लावून तसाच गोठ्यात गेलो. मला बायांच्या नावांचा सराव करायचा होता. गड्यांची नावं वाचायला लागतच नव्हती, ती तोंडात होती. पण बायांचं नाव आलं की माझी अक्षरं अडखळत होती. मग माझ्या डोक्यात आलं की ही नावं बाराखडीनं लागली तर सोपं होईल. अ झाला की आ येणार, क झाला की ग येणार, पुढचं नाव अंदाजानंच सुटेल. बाराखडी तेवढी मला पक्की.

मी बायांचा रकाना धरला. एकटाच. डबी आली. दोन ओळी. तुझं बोलणं कानात होतं, ते मी खोटं सांगणार नाही. वरची दाबा म्हणली होतीस. पण मी म्हणलं, मला फकस्त बाया पाहिजेत, गडी कशाला हलवू? ही काल आलेली पोरगी मला सांगणार? खालची दाबली.

नावं झरझर लागली. अनुसया, आशामती, इंदू, कमल. मी तीनदा वाचली, एकदाही अडलो नाही. इतका खूश झालो की तू शिकवल्याप्रमाणं दोन बोटांनी दोन बटणं दाबून ते मशीनमध्ये पक्कं करून ठेवलं. मग आणिक एक पान लावून खाटेवर आडवा झालो.

सकाळी घाईत तू मशीनमधली तीच यादी कागदावर छापून काढलीस. तपासलेली यादी पुन्हा कोण तपासतं?

पारावर सारा गाव होता. मी टोपी नीट केली, कागद धरला आणि वाचला. बघून वाचला. "किसन आणि अनुसया."

कुणी हललं नाही. मला वाटलं, माझ्या वाचण्यानं दिपले. "उत्तम आणि आशामती." "बालाजी आणि इंदू." मग किसनच बोलला, "मुकादम, अनुसया? मला बदलून दिली व्हय औंदा? कामाला बरी हाय का?" हसणं फुटलं. मला कळेना काय झालं. मी वाचतच राहिलो, कारण थांबलो तर वाचता येत नाही असं दिसलं असतं. सहाव्या नंबरला आमच्या दत्ताला, कालपरवा लग्न झालेल्या पोराला, कोंडाबाई आली. म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणली, "ये रं लेकरा, चढ ट्रकात. माझ्या म्हाताऱ्याला दुसरी बघा कुणीतरी." लोक पाराला धरून हसायले.

मागून सोनाली ओरडली, "आबा, थांबा! बाराखडीनं लागल्यात! घर मोडलंय!"

तोवर माझ्या तोंडून सातवी जोडी गेली होती. "भास्कर आणि गया."

हसणं थांबलं. गया म्हणजे उत्तमची बायको, सोनालीची माय. भास्करचं आणि तिचं नाव गावात कुणीतरी आधीच जोडलेलं होतं, खरं-खोटं देवाला माहीत. उत्तम मान खाली घालून उभा होता. गयानं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

सात जोड्या मी चुकीच्या वाचल्या आणि मला एकाही ठिकाणी खटकलं नाही. किसनच्या बायकोचं नाव सुमन आहे, एवढं मला वीस वर्षांत माहीत असतं तर पहिल्याच ओळीला जीभ अडली असती. बटण चुकीचं दाबलं हा एका बोटाचा गुन्हा. हा दुसरा कशाचा, ते तू सांग.

तू बायांच्या घोळक्यातून पुढं आलीस. माझ्या हातातून कागद घेतलास, एकदा बघितलास आणि लोकांना म्हणलीस, "चूक माझी हाय. यादी मी लावली."

आणि मी काय म्हणलं? मी म्हणलं, "बाईच्या हातात दिलं की असंच व्हतं. माझ्या तोंडच्या यादीत कधी कुणाचं घर मोडलं न्हाई." लोकांनी माना हलवल्या. बाकीचा पुकारा मी जुन्या पद्धतीनं केला. जोडीनं, जोडीनं, जोडीनं. एका बाईचं नाव न घेता.

घरी येऊन मी गोठ्याच्या दारात उभा राहिलो. तू पाठमोरी बसून मशीनचा तो उंदीर पदरानं पुसत होतीस. त्यावर माझ्या बोटाचा चुना होता, पांढरा, वाळलेला. तू पुसलास, पदरावरचा डाग बघितलास, डाग आतल्या बाजूला येईल अशी पदराची घडी केलीस आणि खोचलास. माझ्याकडं बघितलं नाहीस.

तिथं बोलायला पाहिजे होतं तू. "मामा, वरची ओळ म्हणलं होतं मी." एवढंच. मी ओरडलो असतो, ताट फेकलं असतं, दोन दिवस उपाशी राहिलो असतो आणि विषय संपला असता. तू गप्प राहिलीस. मला वाचवायला गप्प राहिलीस की मला जन्मभर टांगून ठेवायला, हे मी तीन वर्षं रोज भाकरीबरोबर चावलं. माफ करणारं माणूस तोंडानं तरी सांगतं. तुझं ते गप्प राहणं माझ्या बोलण्यापेक्षा दुष्ट होतं, लक्ष्मी.

मी बाहेरच्या पोरींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणलं, "कुलूप लावतो ह्याला," आणि लावलं.

चौथ्या दिवशी फडावरून निरोप आला. उत्तमनं गयाला उसाच्या दांडक्यानं मारलं. हाताचं हाड मोडलं. त्यानं कोयता अर्धा झाला, म्हणून तो गावात येऊन सोनालीला घेऊन गेला. माय हात गळ्यात बांधून कोपीत, पाचटाच्या झोपडीत, बसली आणि पोरीनं मायचा अर्धा कोयता धरला. तेव्हा सोनाली नववीत होती. ते वर्ष तिचं गेलं. कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रकाजवळ मी उभा होतो ती चढली तेव्हा. मुकादम म्हणून उभा होतो.

तू दुसऱ्या दिवशी एसटीनं फडावर गेलीस, नारायणाला न विचारता. गयाच्या पाया पडलीस असं लोकांनी सांगितलं. मला कुणी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. गया म्हणे तुला म्हणली, "बाई, तुमच्या चुकीनं माझा हात गेला, पण तुमी आलात तरी." तुमच्या चुकीनं! आणि तू तिथंही गप्प.

कुलूप तू सहा महिन्यांनी काढलंस, किल्ली न मागता, दगडानं. चार पोरी परत आल्या. मी दारातून आत नजर टाकली. तू हजेरीची यादी उघडली होतीस आणि डावीकडच्या आकड्यांत सहाच्या पुढं आठ होता. बाकीच्यांनी तुला सांगितलं होतं, सोनाली काही परत येत नाही, काढून टाका ओळ. तू काढली नव्हती, लपवली होती. सहा, मग आठ. मला कुणी सांगायची गरज नव्हती मधी कोण आहे. तो आकडा माझ्याच बोटानं झाकला होता. पावसाळ्यात ती आली, हाताला कोयत्याचे दोन वण घेऊन, आणि तू तिच्यासमोर नरसाळं काढलंस. म्हणलीस, "हे बघ, गेली नव्हतीस."

त्या तीन वर्षांत मी काय केलं ते लिहितो, कुणी माझ्यावर माया करायला नको. मी ती गोष्ट सांगत फिरलो. लग्नात, बारशात, गंगाखेडच्या बाजारात. "आमच्या सूनबाईनं मशीनवर गावच्या बायका वाटल्या." लोक हसायचे. मी दत्ताची आणि कोंडाबाईची नक्कल करायचो. तू चहा घेऊन यायचीस आणि पाहुणे तुझ्याकडं बघून हसायचे. गोष्ट जितक्या वेळा सांगितली तितकी ती तुझी होत गेली. शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं होतं की तूच केलं असशील.

आणि तू काय करायचीस? दुपारी पोरी गेल्या की एक मशीन चालू ठेवून घरात यायचीस. मी ओरडायचो, उगं वीज जाळतीस. तू बंद करायची नाहीस. मला वाटायचं, विसरतेस. आज सोळा दिवस त्या गोठ्याकडं बघून कळलं, तू ते माझ्यासाठी ठेवत होतीस. दारही अर्धं लोटलेलं असायचं. मी पुन्हा कधी आत पाऊल टाकलं नाही.

दवाखान्यात मी सांगणार होतो. ताप डोक्यात गेलाय, आता ओळखंल तेवढं ओळखंल, असं नारायण म्हणला आणि बाहेर गेला. तू डोळे उघडले. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "मशीनला उंदीर लागतील गं."

तू म्हणलीस, "वरून कापड टाका, मामा. धूळ बसंल."

हेच आपलं शेवटचं. कापड मी टाकलंय.

माफी मागत नाही मी. माफी मागायची तर समोर माणूस लागतं, आणि तू नसताना मागितली तर ती फुकट मिळाल्यासारखी होईल. मला फुकटचं नको. ते वागणं माझं होतं, ते माझंच राहू दे. फकस्त ती चूक तुझी नव्हती, एवढं गावाला कळलं पाहिजे. तू शिकवलेलं मशीन कधी चुकलं नाही आणि तूही चुकली नाहीस.

पोरींनी पुस्तकावर नाव कोणतं घालायचं विचारलं. नारायण म्हणला, लक्ष्मी. मी म्हणलं, गोठ्याच्या पाटीवर हाय ते. नारायणानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, बघतोस काय, वाचता येतंय मला.

हा कागद उद्या सोनालीच्या हातात जाणार, कारण टाईप तीच करणार. म्हणजे सगळ्यांच्या आधी तिलाच कळणार. मायचा हात आणि स्वतःचं वर्ष कुणी खाल्लं ते. मी तिला एवढंच सांगणार आहे, पोरी, ह्यातलं चांगलं तेवढं उचलून घेऊ नको. आधी अख्खं धर, मग लाव. चूक माझ्या नावासमोरच आली पाहिजे. सरकली तर पुन्हा जाऊन बाईंच्या पुढं बसंल.

कागद देऊन लगेच निघून यायचं असं पहिलं ठरवलं होतं. आता ठरवलंय, थांबायचं. तिचं वाचून होईपर्यंत गोठ्यात तिच्यासमोर बसणार आहे, सविता. ती काय म्हणेल ते ऐकणार आहे. मशीनला हात लावणार नाही. तरी हात धुऊन जाईन.